बूट घालायची खुर्ची

ती बातमी आली तेव्हा माझ्या पाठीवर पॉलिशचा दुसरा हात चालला होता आणि मी, खरं सांगायचं तर, स्वतःवर फार खूश होते. जानेवारीतला मंगळवार. शाळेच्या वर्कशॉपच्या दारातून ऊन आत आलं होतं. देवांश एका हातात पोह्यांचा दोना आणि दुसऱ्या हातात ब्रश घेऊन उभा होता, आणि अबोली त्याला बजावत होती, "शेव सांडतेय तिच्यावर. चिकटली तर तूच खरवडून काढायची."

तेवढ्यात शेजारच्या घरी काम करणाऱ्या सखुबाई फाटकातून आत आल्या. एरवी त्या आल्या की आधी चौकीदाराशी भांडायच्या. त्या दिवशी भांडल्या नाहीत. दारातच थांबून म्हणाल्या, "नानासाहेब गेले हो. सुबह चाय घेतली, पेपर उघडला, आणि बस्स."

देवांशनं दोना खाली ठेवला. ब्रश हातातच राहिला. पॉलिशचा एक ओघळ माझ्या पाठीवरून उतरला आणि तसाच वाळला.

मी एक खुर्ची आहे. नानासाहेबांसाठी केलेली, बूट घालायची खुर्ची. त्यांना देण्याआधी मला आणखी सुंदर करायचं काम चालू होतं.

माझा जन्म इंदूरच्या एका छोट्या शाळेत झाला. भंवरकुआंच्या पुढे, एका भाड्याच्या बंगल्यात ती भरते. चहूबाजूंनी कोचिंग आणि हॉस्टेलं. तिथली मुलं सकाळी सहापासून फॉर्म्युले घोकत जातात, आणि मधोमध आमची एक्केचाळीस मुलं करवत चालवतात. शाळा आंतरराष्ट्रीय आहे, असं पाटीवर लिहिलंय. परदेशाशी संबंध म्हणाल तर परीक्षेचे पेपर बाहेरून येतात, आणि माझी एक बिजागरी.

या शाळेत धडे नाहीत, प्रोजेक्ट आहेत. शिक्षकांना नावानं हाक मारायची, असाही नियम आहे. शार्दूल सरांनी पहिल्याच दिवशी मुलांना सांगितलं, "मला फक्त शार्दूल म्हणा." मुलांना ते काही जमेना. शेवटी इंदूरनं त्यातून वाट काढली. ते 'शार्दूल भिया', म्हणजे इंदुरी भैया, झाले, आणि बिचारे तेच राहिले.

प्रोजेक्टचे दोन कायदे. पहिला, वस्तू खऱ्या माणसासाठी करायची आणि शेवटी त्याचा अभिप्राय त्याच्या सहीसकट घ्यायचा. दुसरा, पहिल्या झटक्यात झालेलं काम कामच नव्हे. त्याचे ड्राफ्ट करायचे. प्रत्येक ड्राफ्टभोवती सगळ्यांनी गोल बसायचं, पिवळ्या चिठ्ठ्यांवर मत लिहायचं आणि ती वस्तूला चिकटवायची. माझे सहा ड्राफ्ट झाले. म्हणजे सहा जन्मच म्हणा. मनुष्यजन्मासाठी चौऱ्याऐंशी लक्ष लागतात म्हणे, त्या मानानं माझं लवकर आटोपलं.

मी अबोली आणि देवांशचं प्रोजेक्ट, आणि अबोलीला खरा माणूस शाळेच्या शेजारीच सापडला. अबोलीचे वडील नाशिकहून पीथमपूरच्या कारखान्यात बदलून आलेले. इथे तिच्याशी मराठीत बोलणारं फार कुणी नव्हतं. नानासाहेब म्हणजे सहा फूट उंच, ताठ, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. पणजोबा होळकरांच्या घोडदळात होते, आणि स्वतः महूच्या एका शाळेत ड्रिल मास्तर. कुंपणावरून तिचं मराठी ऐकलं की म्हणायचे, "बोल ग पोरी, बोल. तुझी मराठी एकदम कडक इस्त्रीची आहे. आमची तर धुवून धुवून पतली झाली."

अबोली आणि देवांश त्यांच्याकडे बावीस प्रश्नांची यादी घेऊन गेले.

"खुर्चीत बसल्यावर तुम्हाला कसं वाटतं?"

"बसल्यासारखं."

"तुमच्या आयुष्यात खुर्चीचं स्थान काय?"

"खाली."

बावीसही उत्तरं अशीच. मुलांनी वही मिटली तेव्हा कुठे ते खरं बोलले. रोज सकाळी सातला ते कोपऱ्यावर पोहे खायला जायचे, काळे, नाडीचे, चमकते बूट घालून. चप्पल घालून घराबाहेर पडणं त्यांच्या रक्तात नव्हतं. पण गुडघे गेले होते आणि वाकता येत नव्हतं. म्हणून त्यांच्या पत्नी, सगळ्यांच्याच सुहासिनीकाकू, पोर्चच्या पायरीवर बसून त्यांच्या नाड्या बांधायच्या. समोरून कोचिंगची पोरं जायची आणि बघायची.

"पस्तीस वर्षं मी पोरांना नाडी बांधायला शिकवलं," ते म्हणाले. "आता बायको बांधते. रस्त्यात. एवढं एक होईल का तुमच्याच्यानं?"

अबोली म्हणाली, "होईल आजोबा."

माझा पहिला जन्म कागदावर झाला. त्यात मी विमानातल्या सीटसारखी दिसत होते. दुसरा पुठ्ठ्याचा. त्यात नानासाहेब बसले आणि मी मटकन खाली बसले, त्यांच्यासकट. अर्धी शाळा धावली. ते जमिनीवर बसूनच हसत होते. "महूत घोड्यावरून पडलो तेव्हा एवढी पब्लिक नव्हती आली!" मी मात्र लाजेनं अक्षरशः चपटी झाले होते. तिसऱ्या जन्माविषयी न बोललेलं बरं. मला तीन पाय होते.

चौथ्या जन्मात मी प्लायवूडची होते, आणि त्या वेळी मी जमले. बसायची जागा नेहमीपेक्षा उंच, एकवीस इंच, म्हणजे उठताना गुडघ्यावर भार नको. हात रुंद. समोर बिजागरीवरची एक फळी, दांडा ओढला की वर यायची. तिच्यावर पाय ठेवला की बूट माणसाच्या हातापाशी. वाकायचं कामच नाही. शाळेचे सुतार मालोजी यांनी स्वतः बसून पाहिलं आणि म्हणाले, "हो गई. उचला, देऊन या. दोन दिवसाचं काम होतं, तुम्ही पाच महिने कुटलं."

दिसायला मी भयंकर होते. सलूनची खुर्ची आणि देव्हारा यांचं लग्न लावलं तर जी संतती होईल, तशी.

नोव्हेंबरात या चौथ्या ड्राफ्टभोवती सगळे गोल बसले, त्या दिवशी नानासाहेब स्वतः आले, हातात बूट घेऊन. माझ्यावर ते बसले नाहीत, कारण माझ्या अंगावर चौदा पिवळ्या चिठ्ठ्या होत्या आणि शार्दूल भिया त्यांचे फोटो काढत होते. ते बाजूला उभे राहिले, दांडा एकदा ओढून पाहिला. फळी वर आली. त्यांचा चेहरा मी जवळून पाहिला.

"बढिया," ते म्हणाले. "मग घेऊन जाऊ का मी हिला?"

अबोलीनं शार्दूल भियांकडे पाहिलं. त्यांचं लक्ष फोटोत होतं. तेव्हा तिनंच सांगितलं, "आजोबा, अजून दोन ड्राफ्ट आहेत. प्रदर्शनानंतर तुम्हालाच देणार. अजून खूप चांगली होईल."

"अच्छा. कधी आहे प्रदर्शन?"

"जानेवारीत."

"बरं बरं. अभ्यास होऊ दे तुमचा." आणि ते हातातले बूट घेऊन परत गेले.

दोष मी एकट्या अबोलीवर ढकलणार नाही. मला बोलता आलं असतं तर मीही तिच्याच बाजूनं बोलले असते. चौदा चिठ्ठ्या अंगावर घेऊन मिरवलेली खुर्ची आहे मी. बसणाऱ्या एका माणसापेक्षा बघणारी चौदा माणसं मला आवडू लागली होती. एका चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'हिचे हात उदास वाटतात.' त्या उदास हातांवर दोन आठवडे चर्चा झाली. पाचव्या जन्मात ते आनंदी केले. सहाव्यात मी सागवानी झाले. टाच बुटात सरकवायचं शूहॉर्न ठेवायला खण आला, ब्रशला कप्पा आला, आणि देवांशनं मोबाईल चार्ज करायला एक सॉकेट बसवलं. नानासाहेबांच्या घरात फोन होता तो भिंतीवरचा.

त्या सात आठवड्यांत काकू रोज सकाळी पायरीवर बसून नाड्या बांधत होत्या. वर्कशॉपच्या खिडकीतून ते दिसायचं. मी खिडकीकडे पाठ करून उभी असे, पाठीला पॉलिश चालू होतं ना.

बातमीनंतर गोल बसणं झालं. शार्दूल भिया म्हणाले, ज्याला बोलायचंय त्यानं बोलावं. अभिप्रायाच्या कागदावर सहीची जागा कोरी होती आणि प्रदर्शन अकरा दिवसांवर. देवांश मनानं चांगला, पण त्याला रिकामी जागा बघवत नाही. तो म्हणाला, "भिया, मेरे दादाजी के भी घुटने खराब हैं। वो साइन कर देंगे।"

"त्यांचे बूट आहेत का नाडीचे?" अबोलीनं विचारलं.

"चप्पल पहनते हैं।"

"मग गप्प बस."

प्रदर्शन झालं. माझ्याभोवती लाल दोरी होती. पालक यायचे, दोरीपलीकडून मान वाकडी करून बघायचे. एका बाईंनी विचारलं, "ये डेंटिस्ट के लिए है?" एक गृहस्थ भारावून म्हणाले, या वयात मुलांना म्हाताऱ्या माणसांची केवढी समज! अबोली दोरीच्या आत उभी राहून पाठ केलेलं सांगत होती, "आमचे वापरकर्ते रोज सकाळी फिरायला जातात." जातात. दर वेळी तिथं आली की ती थांबायची, आणि पुन्हा तेच म्हणायची. मला बक्षीस मिळालं. सांगायला लाज वाटते, पण त्याही दिवशी मला क्षणभर बरं वाटलं.

त्यानंतर अबोली शाळेत मागच्या गल्लीनं येऊ लागली, लांबचा वळसा घालून. काकूंच्या पोर्चवरून जायला नको म्हणून. महिनाभर असं चाललं. मग एके दिवशी मालोजींनी हातगाडी आणली आणि तिला म्हणाले, "ही इथं नाही ठेवायची. ज्यांची आहे त्यांच्याकडे सोडून येऊ. चल."

"मालोजी, मी नाही येत."

"मग मी काय सांगू तिथं? तूच बोल जे बोलायचं ते."

काकू पोर्चमध्येच होत्या. छोट्याशा, पाच फुटाला दोन बोटं कमी. गाडी पाहून उठल्या. "आली का ग बाई ही? रोज सकाळी विचारायचे मला, सुहास, झाली का पोरांची खुर्ची?"

अबोलीनं दोन्ही हातांनी माझी पाठ धरून ठेवली होती. ती म्हणाली, "काकू, ही नोव्हेंबरातच झाली होती. आजोबांनी मागितली होती माझ्याकडे. मी नाही दिली."

"माहितीये मला."

"त्यांनी सांगितलं?"

"न सांगायला काय झालं? घरी येऊन बूट फेकलेच त्यांनी कोपऱ्यात. म्हणे, पोरीनं वापस पाठवलं."

"रागावले होते?"

मला वाटलं, काकू आता नाही म्हणतील. माणसं अशा वेळी नाहीच म्हणतात. काकूंनी थोडा विचार केला. "रागावले तर होतेच ना. दोन दिवस. तिसऱ्या दिवशी म्हणाले, सख्त आहे पोरगी, ड्रिल मास्तर होईल." आणि मग, "रडायचं असेल तर आत ये. रस्त्यात नको. त्यांना नाही आवडायचं."

आत त्या दोघी काय बोलल्या ते मला माहीत नाही. मी पोर्चमध्ये होते. मालोजी माझ्या बिजागरीला तेल घालत बसले होते, गरज नसताना.

बाहेर आल्यावर काकू माझ्यावर बसल्या. जन्मल्यापासून माझ्यावर मन लावून बसलेलं हे पहिलं माणूस. त्यांचे पाय जमिनीपासून चांगले चार बोटं वर लटकले. शाळेच्या बाकावरच्या मुलीसारख्या त्या ते हलवत राहिल्या. अबोलीनं ताबडतोब खिशातून टेप काढला. "काकू, तीन इंच कापले की बरोबर होईल."

"कापशील. पण किती ड्राफ्ट लागतील ते आधी सांग!"

मालोजी मोठ्यानं हसले. अबोलीही हसली, नाक पुसत. "एकही नाही. रविवारी करवत घेऊन येते."

तेव्हापासून मी इथे आहे. काकू माझ्यावर बसून मटार सोलतात आणि सखुबाईंशी वाद घालतात. खणात शूहॉर्नऐवजी चष्मा असतो. सॉकेटचं काय करायचं हे कुणालाच कळलेलं नाही. खुर्चीनं उपदेश करू नये, विशेषतः जिनं बक्षीस घेतलंय तिनं. तरी एक विनंती करते: कुणी दारात बूट हातात घेऊन उभा असेल, तर त्याला तेव्हाच बसू द्या. हात उदास असले तर असोत.

अबोली रविवारी आली, करवत घेऊन. तिनं मला आडवी केली, चारही पायांवर काटकोन्यानं पेन्सिलीची रेघ मारली आणि करवत टेकवली. एकवीस इंच नानासाहेबांसाठी मोजलेले होते. ती बराच वेळ तशीच बसून राहिली. काकू म्हणाल्या, "पहले चाय पी ले." चहा झाला. पुढच्या रविवारी ती पुन्हा आली. त्याच्या पुढच्याही. आता ती येते, काकूंशी तासभर बोलते, त्यांच्याकडून नानासाहेबांच्या महूच्या गोष्टी ऐकते, आणि जाते. करवत पोर्चच्या कोपऱ्यात ठेवलेली आहे.

माझे पाय अजून कापलेले नाहीत.