कुलपातली नवी पिशवी

बीडजवळच्या पालीच्या अलीकडं ट्रस्टचा एक लहानसा दवाखाना आहे. तिथली वनमाला सिस्टर म्हणजे हात लावील ते लख्ख करणारी बाई. दर वर्षी स्कॉटलंडच्या एका हॉस्पिटलची माणसं तिथं शिकवायला येतात. यंदा जन्मल्यावर न रडणाऱ्या बाळाला श्वास कसा द्यायचा, ते त्यांनी रबरी बाहुल्यावर शिकवलं. तोंडावर मास्क धरायचा आणि पिशवी दाबून हवा भरायची. वनमालाचा हात असा बसला, की गोऱ्या डॉक्टरीणबाईंनी तिला सगळ्यांपुढं उभं करून टाळ्या वाजवल्या. जाताना नवी कोरी पिशवी देऊन गेल्या. ती बाळंतपणाच्या टेबलाशी, अगदी हाताशी ठेवा म्हणून बजावूनही गेल्या.

आता आपली रीत तुम्हाला काय सांगायची. पाहुण्यानं दिलेला कपसेट आपण पाहुण्यालाच काढतो. वनमालानं पिशवी वरच्या वेष्टनासकट कपाटात ठेवली, कुलूप लावलं आणि चावी पर्समध्ये टाकली. येता-जाता कुणी हाताळलं, उंदरानं कुरतडलं, तर पुढच्या वर्षी बाईंना काय तोंड दाखवायचं? रोजच्याला जुनी पिशवी होतीच. तिला चीर गेलेली, पण चिकटपट्टी लावून भागत होतं. भागत होतं कसलं! तशी वेळच आली नव्हती, एवढंच.

वनमालाच्या शेजारी ईश्वरी राहायची. तिचं पहिलंच बाळंतपण. नवरा सिद्धाराम, किराणा दुकानवाला, तिला बीडला न्यायचं म्हणत होता. वनमालानंच अडवलं.

"बीडला कावून जाता? आपल्याकडं परदेशी सामान हाय. मी हाय."

तिच्या शब्दावर ईश्वरी थांबली.

तारखेला अजून अवकाश होता. बहिणीनं लई गळ घातली म्हणून वनमाला कपिलधारला दर्शनाला गेली. तिथं दरीत फोन लागत नाही. इकडं ईश्वरीला कळा सुरू झाल्या. बाळ निळं आलं, रडेना. धाकटी नर्स बसम्मा जुनी पिशवी दाबत राहिली आणि हवा फटीतून निघून जात राहिली. शेवटी तिनं धावत जाऊन दगडानं कपाटाचं कुलूप फोडलं. तोवर फार उशीर झाला होता. मुलगा होता हो, चांगला भरलेला.

लिंगायतांच्या रीतीनं सासूनं त्याच्यासाठी आणून ठेवलेलं इवलंसं इष्टलिंग त्याच्या गळ्यात बांधलं आणि घरच्यांनी शेताच्या कडेला त्याला माती दिली.

परत आल्यावर वनमालाला सगळं कळलं. बसम्मा रडत म्हणाली, "सिस्टर, कुलपाचं मी कुणालाच बोलले न्हाई. तुमी बी बोलू नका." त्या पोरीचा चेहरा बघून वनमालाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तशीच ती ईश्वरीकडं गेली. ईश्वरी भिंतीला टेकून बसली होती. दुधानं पदर भिजलेला, पण तिचं तिकडं लक्ष नव्हतं. तिनं वनमालाचा हात धरला.

"आक्का, तुमी असता तर वाचलं असतं माझं बाळ. त्या बसम्माला काय येतंय? हे म्हनतेत, तिला कामावरनं काढायलाच लावतो. पुढच्या खेपेला तुमी कुटं जाऊ नका."

गप्प बसणं किती सोपं होतं. हातात हात होता, वर माया होती.

"बसम्माचं काय चुकलं न्हाई, ईश्वरी," ती म्हणाली. "नवी पिशवी कुलपात होती. चावी माझ्यापाशी."

ईश्वरीला उमगायला वेळ लागला. हात अजून तिनं सोडला नव्हता.

"कुलपात कावून?"



"खराब होईल म्हनून."

ईश्वरीनं हळूच आपला हात काढून घेतला.

"मंग होऊ द्यायची की, आक्का," ती म्हणाली.