घाणेरीच्या पोटातले करंज

मास्तरांना गल्लीत सगळे अर्जमास्तर म्हणत. शाळेत तीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवून त्यांचं पोट भरलं नव्हतं, म्हणून निवृत्तीनंतर ते उद्यान खात्याला शिकवू लागले. ओढ्याकाठच्या पायवाटेवर परदेशी घाणेरी माजली आहे, ती मुळासकट काढा, असा अर्ज ते दर वर्षी करत. अकरा वर्षांत अकरा अर्ज. खात्याने एकही फेकला नाही आणि एकही वाचला नाही.

बाराव्या वर्षी त्यांतला पहिला, सर्वांत जुना अर्ज मंजूर झाला. सोमवारी यंत्र येणार!

रविवारी मास्तर शत्रूचं शेवटचं दर्शन घ्यायला गेले. वाकून झुडपात पाहतात तो काय, करंजाची पाच रोपं! काठावरचा शेवटचा करंज दोन वर्षांपूर्वी वादळात आडवा झाला, त्याची ही लेकरं. मोकळ्यावर रुजलेली फिरायला येणाऱ्यांच्या बुटांखाली गेली होती. घाणेरीच्या काट्यांत कुणी पाय घातला नाही, म्हणून ही तेवढी वाचली.

सोमवारी खात्याचं दार उघडायच्या आधी मास्तर पायरीवर हजर. "काम थांबवा म्हणून अर्ज आणलाय."

कारकुनाने तो प्रेमाने घेतला. "वा, बारावा! लावतो ओळीत."

"अहो, यंत्र आज येतंय."

"मास्तर, मधल्या दहांवर अन्याय कसा करू? तेही तुमचेच."

मास्तर तसेच ओढ्यावर धावले. यंत्र घरघरत होतं. चालक भला माणूस. "काका, तुम्ही दाखवाल ते ठेवतो. पण माझा चहा होईस्तोवर खुणा करा."

मास्तर रांगत आत शिरले. हात ओरबाडले, चष्मा फांदीला लटकला. काल पाच होती. आज हिरव्यात हिरवं, काही उमजेना. दोन सापडली. रुमाल फाडून दोघांना बांधला, तोवर चहा संपला.

दुपारपर्यंत काठ न्हाव्याकडून आल्यासारखा गुळगुळीत झाला. लोकांनी मास्तरांना गराडा घातला. "अकरा वर्षं लढलात हो!" एकजण फोटो घ्यायला दोन पावलं मागे सरला, तो एका रोपावर. फोटोत मास्तरांचं तोंड उघडं आहे. आनंदाने, असं सगळ्यांना वाटतं.

उरलं एक. तीन आठवड्यांत उन्हाने त्याची दोन पानं करपली. शेजारी मात्र घाणेरीचं तुटकं मूळ जोमाने फुटलं. एका संध्याकाळी मास्तरांच्या बायकोने ओढ्यावर येऊन पाहिलं, तर हे बादली घेऊन वाकलेले.

"अहो, करंज इकडे आहे. तुम्ही पाणी घाणेरीला घालताय."

"दोघांना घालतोय. तिला लवकर काटे यायला हवेत. सावलीही होईल."

"डोकं ठिकाणावर आहे ना?" मग तिने पदराआडून पाकीट काढलं. "खात्याचं आलंय. वाचू?"

"वाच."

"‘दिरंगाईबद्दल दिलगीर आहोत. यापुढे कामाला वेग देण्यात येत आहे. आपला दुसरा अर्ज मंजूर झाला असून यंत्र सोमवारी येईल.’"

बादलीत अर्धं पाणी उरलं होतं. ते मास्तरांनी दोघांना निम्मं-निम्मं घातलं.