बातमी पुरी करा

नऊ वर्षांपूर्वी वॉर्डातल्या कपाटातून वेदनाशामक इंजेक्शनं गायब झाली, तेव्हा किल्ली सिस्टरकडे होती. एवढं पोलिसांना पुरेसं वाटलं. तिच्या अटकेची बातमी फोटोसकट छापून आली. तीन वर्षांनी चोरी पुरवठा विभागातल्या माणसाची निघाली आणि कोर्टानं तिला निर्दोष सोडलं. त्या दिवशी मात्र एकही पत्रकार तिकडे फिरकला नाही.

पुढची सहा वर्षं तिनं एका छोट्या दवाखान्यात ड्रेसिंग करण्यात काढली. मग मोठ्या इस्पितळाच्या जळीत विभागात मुख्य परिचारिका हवी असल्याचं कळलं. मुलाखत छान रंगली होती. मध्येच समोरच्या बाईंनी लॅपटॉपवर तिचं नाव टाकलं आणि त्यांचा आवाजच बदलला.

"कळवू तुम्हाला," त्या म्हणाल्या.

सिस्टर घरी न जाता थेट नणंदेच्या ऑफिसात गेली. नणंद वकील होती. तिनं फायलींच्या ढिगाआडून मान वर काढली.

"वहिनी, तोंड का असं?"

"कोर्टानं सोडलं गं मला, पण इंटरनेटवर मी अजून आतच आहे."

नणंदेनं सगळं ऐकून घेतलं आणि पेनाचं टोपण काढलं. "बातमी मुळासकट काढायला लावू. आणि दादाला सांग, बायको आणि बहीण एका बाजूला झाल्यात, आता जपून राहा म्हणावं."

वर्तमानपत्रावर आणि नाव टाकलं की बातम्या शोधून देणाऱ्या इंटरनेट कंपनीवर दावा लागला. वर्तमानपत्राचे वकील वयस्कर, मऊ बोलणारे गृहस्थ होते.

"अटक झाली होती, हे खरं आहे," ते न्यायाधीशबाईंना म्हणाले. "आज यांची बातमी पुसली, तर उद्या एखादा लबाड पुढारी हाच निकाल दाखवून स्वतःची कुलंगडी पुसून घेईल."

सिस्टरला त्यांचं म्हणणं पटलं आणि त्याचाच तिला राग आला. तेवढ्यात न्यायाधीशबाईंनी तिच्याकडे पाहिलं.

"तुम्हाला स्वतःला काय हवंय?"

नणंदेनं कोपरानं ढोसलं. काय बोलायचं ते घरी दहादा ठरलं होतं. सिस्टर उठली.

"जखम झाली की आम्ही केसपेपरवर लिहितो, बरी झाली की तेही लिहितो. जखमेचं पान कुणी फाडून टाकत नाही. पण तेवढंच पान दाखवत राहिलं, तर बरा झालेला माणूस जन्मभर आजारीच ठरतो. माझी बातमी पुसू नका, मॅडम. पुरी करा."

"अगं, हे कुठं ठरलं होतं?" नणंद दातओठ खात पुटपुटली. न्यायाधीशबाई मात्र खाली मान घालून भराभर लिहीत होत्या.

निकाल दोन महिन्यांनी लागला. जुनी बातमी राहील, पण सिस्टर निर्दोष सुटल्याचं मथळ्यातच, फोटोच्या वर छापायचं. नाव शोधणाऱ्यालाही सुटकेचीच ओळ आधी दिसली पाहिजे. आणि सुटकेचा निकाल घेऊन जो कुणी येईल, त्याच्या बातमीलाही वर्तमानपत्रानं हाच नियम लावायचा.

बाहेर व्हरांड्यात वयस्कर वकील थांबले होते. "बाई, मी हरलो असं काही मला वाटत नाही," ते हसून म्हणाले.

"नाहीच हरलात," सिस्टर म्हणाली.

नणंदेचा रुसवा लिफ्टपर्यंत टिकला. "पुढच्या वेळी युक्तिवाद तूच कर. मी इंजेक्शनं देते."

"बिचारे पेशंट!" सिस्टर म्हणाली आणि दोघी इतक्या हसल्या की लिफ्ट वर निघून गेली.

इस्पितळातली जागा तोवर भरली होती. पण मुलाखतीतल्या त्या बाईंनी स्वतः फोन केला. "त्या दिवशी मी तुम्हालाच विचारायला हवं होतं," त्या म्हणाल्या. लहान मुलांच्या जळीत कक्षात महिनाभरात जागा होणार होती. पुन्हा मुलाखत झाली. या वेळी तासभर फक्त कामाचं बोलणं झालं आणि नेमणूक हातात पडली.

रुजू व्हायच्या दोन दिवस आधी ती नणंदेकडे कागदांवर सही करायला गेली. नणंद कोर्टात अडकली होती. ऑफिसात शाळेच्या बसचा एक ड्रायव्हर अंग चोरून बसला होता. अपघाताच्या खटल्यातून तो सुटला होता, पण बातमी अटकेवरच थांबली होती.

"वकीलबाई तुम्हीच का?" त्यानं विचारलं.

"नाही, मी त्यांची वहिनी. निकालाची प्रत आणलीत?"

त्यानं पिशवीतून घड्या पडलेला कागद काढला. सिस्टरनं खुर्ची त्याच्याजवळ ओढली.

"सांगा," ती म्हणाली, "अगदी पहिल्यापासून."