अध्यक्षांचं कुलूप

बिल्डिंगच्या अध्यक्षांनी गेटजवळच्या किल्लीवाल्याला निर्वाणीचं सांगितलं, "रविवारी खालच्या हॉलमध्ये प्रार्थनेला जाणं सोड, नाहीतर टपरी उचल."

"टपरी उचलतो साहेब. ख्रिस्त काही सुटायचा नाही."

"मग हॉललाच कुलूप ठोकतो. चल, बसवून दे!"

"ते माझ्याच्यानं व्हायचं नाही."

अध्यक्षांचं पित्त खवळलं. रविवारी सकाळीच त्यांनी नवं कुलूप स्वतःच्या हातानं बसवलं, आत उभं राहून दार लावून बघितलं, आणि किल्ली कुलपातच मोडली.

नऊ वाजता आठ-दहा ख्रिस्ती मंडळी प्रार्थनेला आली, तर दार आतून धडाधड वाजत होतं. किल्लीवाल्यानं लगेच हातोडी-छिन्नी काढली. वॉचमननं त्याचा हात धरला.

"रविवारी अकराच्या आत ठोकाठोक बंद. साहेबांच्या सहीची नोटीस आहे."

"अरे गाढवा, मीच आत अडकलोय!" अध्यक्ष ओरडले.

"सहीपण तुमचीच आहे साहेब."

मंडळी पायऱ्यांवरच बसली. चार गाणी झाली, मग पाऊण तास उपदेश. "दाराआडच्या आमच्या भावाला धीर दे," अशी प्रार्थना किल्लीवाल्यानं अगदी मनापासून केली. आतून आमेन आलं नाही, शिवी आली.

अकराच्या ठोक्याला त्यानं दार उघडून दिलं. घामानं निथळत अध्यक्ष बाहेर पडले.

"उद्याच्या उद्या टपरी उचल! आणि पुढच्या रविवारी मी पुन्हा कुलूप लावणार!"

"टपरी उचलतो साहेब. प्रार्थनेला आम्हाला पायऱ्या पुरतात," किल्लीवाला हत्यारं पिशवीत भरत म्हणाला. "तुम्ही फक्त बाहेर उभं राहून लावा."