मोजेवाल्याचं काम

"उस्ताद, ती निळी गाडी तुमच्या लेकीची ना? मग तुम्ही इथं माझ्या ट्रकखाली काय करताय?"

ट्रकवाल्याने हे अगदी सहज विचारलं, पण उस्तादाच्या हातातला पाना निसटला आणि छातीवर आदळला. तो ट्रकच्या पुढच्या बंपरखाली उताणा पडून नव्या हॉर्नची पट्टी आवळत होता.

"ज्याचं त्याचं काम ठरलेलं असतं," तो खालूनच म्हणाला. "तू तुझ्या हॉर्नचं बघ."

ठरलेलंबिरलेलं काही नव्हतं. गेली एकतीस वर्षं तो या दुकानात फिटर होता. पुढे सीट कव्हर, दिवे, कॅमेरे, कॅरिअर, पायपुसणी विकायची आणि मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये ती गाडीला बसवून द्यायची, असं ते दुकान. एवढ्या वर्षांत किती लोकांच्या गाड्या त्याने नटवल्या असतील, देव जाणे. स्वतःची मात्र स्कूटरच राहिली. त्यामुळे लेकीने स्वतःच्या पगारातून गाडी घेतली तेव्हा हा आठवडाभर जमिनीवर नव्हता. कॅमेरा कुठे बसेल, वायर कुठल्या कडेने न्यायची, सगळं त्याने मनात तीनतीनदा बसवून पाहिलं होतं. बायकोला जेवताना आमटीच्या वाटीशेजारी चमचे मांडून पुढचे दिवे कसे लागतील तेही दाखवलं होतं.

आणि काल सकाळी जावई शेठच्या काउंटरवर हात टेकून म्हणाला होता, "बाबांना नको त्रास. कंबर दुखते त्यांची. ते तुमचे मोजेवाले आहेत ना, त्यांच्याकडे द्या. ते वायर कापत नाहीत म्हणे. वॉरंटीचा प्रश्न असतो ना."

कंबर आपली तोंडी लावायला. खरी गोष्ट वायरची होती. त्याहून खरी गोष्ट म्हणजे लेक तिथेच उभी होती आणि भिंतीवरची स्टिअरिंग कव्हरं निरखत होती. तिने हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. उस्तादाला झोंबलं ते हे.

आता या मोजेवाल्याचं सांगायला हवं. दोन वर्षांपूर्वी शेठने त्याला ठेवून घेतला. चाळिशीचा, किडकिडीत माणूस. गाडीत शिरण्याआधी बुटांवर कापडी मोजे चढवायचा, का तर पायपुसणी मळतात. स्टिअरिंगला हात लावण्याआधी साबणाने हात धुवायचा. काम करताना गुणगुणायचा, तेही बेसूर. उस्तादाने पहिल्याच दिवशी त्याचं नाव 'मोजेवाला' पाडलं आणि शेड पोट धरून हसली. झालं काय, की महिन्याभरात गिऱ्हाइकं काउंटरवर येऊन विचारायला लागली, "मोजेवाले आहेत का हो? आम्ही थांबतो." आपण ठेवलेल्या नावाने दुसऱ्याचा बोलबाला व्हावा, हे उस्तादाच्या नशिबी होतं. शेडच्या दारात पडून असणारी कुत्रीसुद्धा अलीकडे मोजेवाल्याच्या पेटीजवळ झोपायची. तिला उस्तादाने नऊ वर्षं बिस्किटं घातली होती. त्या बयेला काही म्हणजे काही वाटत नव्हतं.

वायर न कापण्याचं कौतुक तर त्याला ऐकवत नसे. मोजेवाला कंपनीच्या जोडणीत तयार कपलर खटकन अडकवून मोकळा व्हायचा. उस्ताद दिवा लावून नेमकी वायर शोधायचा, सोलायचा, डाख द्यायचा, वर टेप गुंडाळायचा. त्याने दिलेला सांधा वीस वर्षांत सुटला नव्हता. पण सांधा पॅनेलच्या आत असतो. तो कोणाला दिसतो?

ट्रकखालून निळ्या गाडीचं दार बरोबर दिसत होतं. उस्तादाचा एक डोळा बोल्टवर होता आणि दुसरा तिकडे. कॅमेरा बसला, तो वाकडा बसेल अशी आशा होती, ती गेली. दिवे लागले. लेक काहीतरी म्हणाली आणि मोजेवाला हसला, तीही हसली. एवढं काय हसायचं होतं? घरी बाप विचारतो तेव्हा 'बरं आहे' यापलीकडे शब्द फुटत नाही.

मग मोजेवाल्याने पुढच्या सीटवर कव्हर चढवायला घेतलं, आणि उस्ताद कोपरावर उठला.

नव्या गाड्यांच्या पुढच्या सीटमध्ये, दाराकडच्या कडेला, एक हवेची पिशवी दडवलेली असते. बाजूने धडक बसली की ती सीटची शिवण फाडून बाहेर येते आणि माणसाच्या बरगड्या वाचवते. तिथे एअरबॅगचं इवलंसं लेबल असतं. अशा सीटला त्या बाजूने बंद असलेलं कव्हर घालायचं नसतं, नाहीतर पिशवी आतल्या आत अडकून पडते. लेकीच्या सीटला लेबल होतं, उस्तादाने ते सकाळीच पाहिलं होतं. आणि मोजेवाल्याच्या हातातलं कव्हर होतं दोन्ही बाजूंनी बंद. त्याने ते खाली ओढलं, लेबल झाकलं गेलं, आणि गडी गुणगुणत पलीकडच्या सीटकडे वळला.

उस्तादाने हाक मारायला तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं. पण मग वाटलं, आत्ता सांगितलं तर काय होईल? मोजेवाला 'अरेच्चा' म्हणेल, कव्हर बदलेल, संपलं. कोणाला कळणारही नाही. त्यापेक्षा गाडी तयार होऊ दे. किल्ली देताना शेठ असेल, जावई असेल, लेक असेल. तेव्हा हात पुसत जायचं, सीटच्या कडेला बोट लावायचं आणि शांतपणे म्हणायचं, "जावईबापू, वायर वाचली खरी. माणसाचं काय?" वाक्य त्याला इतकं आवडलं, की ते त्याने दोनदा पुटपुटून पाहिलं.

"काय म्हणालात?" ट्रकवाल्याने विचारलं.

"काही नाही. तू वर बसून हॉर्न वाजवून बघ. पट्टी थरथरते का ते मी खालून बघतो."

त्याने दोन्ही हातांनी पट्टी धरली, बोल्ट अजून अर्धाच बसला होता. तेवढ्यात बंपरपाशी लेकीच्या चपला आल्या. ती वाकली. "बाबा, झालं आमचं. निघतो. आधी पंपावर जातो, मग तसेच हायवेने सासूबाईंकडे. गाडी दाखवायचीय."

"अगं थांब, मला जरा..." असं उस्ताद म्हणाला आणि ट्रकवाल्याने हॉर्न वाजवला. अख्खी शेड हादरली, कुत्री उठून पळाली. पट्टी सोडावी तर ती तोंडावर पडणार, न सोडावी तर लेक निघाली. हॉर्न थांबला तेव्हा निळी गाडी फाटकातून बाहेर पडत होती.

उस्ताद ट्रकखालून कसा निघाला, त्याचं त्यालाच कळलं नाही. आतापर्यंत जे झकास वाक्य होतं, त्याचा पार चोथा झाला होता. हायवे म्हणजे मोठे ट्रक. तिच्या बाजूचं दार, तिच्या बरगड्या. त्याने फोन लावला, वाजून वाजून बंद झाला. गाडी चालवताना ती फोन पर्समध्ये ठेवते, ही सवय तिला त्यानेच लावली होती.

"अहो, माझा हॉर्न लोंबकळतोय!" ट्रकवाला ओरडला.

"लोंबकळू दे!"

त्याने स्कूटरला किक मारली. एरवी हा माणूस सिग्नलला पाय टेकून हिरवा होईपर्यंत थांबणारा. आज दोन सिग्नल त्याने पाहिलेच नाहीत, आणि एका रिक्षावाल्याने त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला तोही ऐकला नाही. पंपावर निळी गाडी रांगेत तिसरी उभी होती. त्याने स्कूटर तशीच आडवी टाकली आणि लेकीच्या बाजूचं दार उघडलं.

"उतर."

"बाबा? काय झालं?"

"आधी उतर तू."

ती उतरली. पलीकडून जावई घाबराघुबरा होऊन आला. उस्ताद गुडघ्यांवर बसला, सीटच्या कडेला कव्हरची शिवण होती, तिच्यात त्याने दोन्ही हातांची बोटं खुपसली आणि जोर लावला. इथे कंपनीचा नायलॉन दोरा असणार, तो तसूभर हलणार नाही, हे त्याला माहीत होतं. म्हणून त्याने सगळी ताकद लावली.

शिवण टरकन उसवली. वीतभर तोंड उघडलं आणि आतलं एअरबॅगचं लेबल समोर आलं.

उस्ताद हातातल्या दोऱ्याकडे बघत राहिला. बारीक, सुती, कच्चा दोरा. हाताने घातलेले टाके, सगळे एका मापाचे. लेबलाच्या वर चार बोटं आणि खाली चार बोटं, तेवढीच शिवण उसवून पुन्हा शिवलेली. पिशवी फुगली तर पहिल्या धक्क्याला उघडावी अशी.

"बघितलंस?" जावई बायकोला म्हणाला. "तासभरसुद्धा झाला नाही! नुसता हात लावला तर फाटलं. हे त्यांचे मोजेवाले! बाबा, तुम्ही होतात म्हणून कळलं. मी आत्ता शेठना फोन लावतो. असल्या माणसाला कामावर ठेवतात कशाला?"

खोटं कशाला सांगा, उस्तादाला पहिल्यांदा बरंच वाटलं. दोन वर्षं ज्याची वाट पाहिली ते जावयाच्या तोंडून आपसूक बाहेर पडत होतं. त्याला काही करायचं नव्हतं, नुसतं गप्प बसायचं होतं. जावयाने नंबर काढला, फोन कानाला लावला.

"ठेवा तो फोन," उस्ताद म्हणाला.

"अहो पण..."

"ठेवा म्हणतो ना. काम चोख आहे. ते असंच फाटायला हवं, म्हणून त्याने मुद्दाम कच्च्या दोऱ्याने शिवलंय. आत एअरबॅग आहे. ती बाहेर यायला वाट नको?" त्याने घसा खाकरला. "त्याने माझ्याआधी विचार केला होता."

जावयाला हळूहळू उलगडलं आणि त्याने फोन खिशात टाकला. लेकीला मात्र वेगळंच काही उलगडत होतं. ती बापाकडे बघत होती.

"मग तुम्ही का फाडलंत, बाबा?"

"मला वाटलं, त्याची चूक झाली."

"कधी वाटलं?"

उस्तादाने दोऱ्याचा तुकडा बोटाभोवती गुंडाळला. "तो कव्हर चढवत होता तेव्हा."

"आणि तुम्ही बोलला नाहीत?"

मागच्या गाडीने हॉर्न दिला. रांग पुढे सरकली होती. उस्तादाकडे उत्तर होतं, पण ते लेकीला सांगण्यासारखं नव्हतं. तिला ते न सांगताच कळलं असावं, कारण तिने पुन्हा विचारलं नाही. ती पुन्हा गाडीत बसली आणि एवढंच म्हणाली, "चला. हे शिवून घेऊ आधी."

शेडमध्ये परतले तेव्हा मोजेवाला ट्रकच्या बंपरखाली होता, उस्तादाने टाकून दिलेली पट्टी आवळत होता. तो बाहेर आला, त्याने उघडं दार पाहिलं, उसवलेली शिवण पाहिली, आणि त्याचा चेहरा पडला.

"माझी शिवण सुटली का, उस्ताद?"

"नाही. मी ओढली." उस्तादाने त्याच्याकडे न बघता म्हटलं. "तो कच्चा दोरा कुठून आणलास?"

"घरचाच आहे. यांनी रंगावरून हीच कव्हरं पसंत केली होती. म्हणून काल घरी नेऊन उसवून शिवली. पेटीत आहे रीळ. तुम्ही राहू द्या, मी घालतो टाके."

"मी घालतो. तू माप सांग."

मोजेवाल्याने सुई काढून दिली. उस्ताद दोरा ओवायला गेला, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. दोरा नेढ्याच्या आजूबाजूला फिरत राहिला. मोजेवाल्याने हात पुढे केला. उस्तादाने क्षणभर विचार केला आणि सुई त्याच्या हातात दिली. एका झटक्यात ओवून ती परत आली.

"टाका करंगळीच्या नखाएवढा. आणि ओढायचा नाही, उस्ताद, नुसता टेकवायचा."

"बरं."

उस्ताद गाडीच्या दारात गुडघ्यांवर बसला. लेक किल्ली हातात धरून दोन पावलांवर उभी होती. तिला उशीर होत होता, पण ती घाई करत नव्हती. त्याने दोन टाके घातले. तिसरा सवयीने घट्ट बसला. त्याने तो सुईच्या टोकाने उसवला आणि पुन्हा, सैल, घातला.