संत्र्याची साल आणि साखरहरण महाराज

सभागृहात मुंगीला शिरायला जागा नव्हती. जिन्यावर माणसं, खिडकीत माणसं, आणि प्रत्येकाच्या हातात एकेक संत्रं.

"सोला!" मंचावरून साखरहरण महाराजांनी हुकूम सोडला. "साल म्हणजे अहंकार! फोडी मुठीत धरा, जरा चुरगाळा, पण खाऊ नका. गाणं संपेपर्यंत मोह आवरा!"

पाचशे अहंकार एका दमात सोलले गेले. मग महाराज गाऊ लागले. गळा मात्र अस्सल होता हो. खोट्याच्या कंठात खरा सूर का घालावा, ते देवालाच ठाऊक.

तिसऱ्या रांगेत मामा डोळे मिटून डोलत होते. आयुष्यभर शिवणकाम केलेला माणूस. मधुमेह, डाव्या पायाच्या अंगठ्याला चिघळलेली जखम, सकाळ-संध्याकाळ इन्शुलिनची सुई. शेजारी त्यांची भाची, सिस्टर. अठरा वर्षं अतिदक्षता विभागात काढून ती आता घरोघरी जाऊन सेवा करण्याचं पुढचं प्रशिक्षण घेत होती, आणि वर्गातून थेट गणवेशातच, भेटीची पिशवी खांद्याला अडकवून आली होती.

महाराजांनी गणवेश बरोबर हेरला. "साक्षात सिस्टर बसल्यात की! मग साखर मोजायला माझं मशीन कशाला? मशीन त्यांचं, सुई त्यांची, हात त्यांचा. आणा त्या काकांना वर!"

सिस्टर मनात म्हणाली, सापडला लेकाचा. तिनं मामांना वर नेलं, बोट स्पिरिटच्या बोळ्यानं पुसलं, टोचलं, थेंब मशीनच्या पट्टीला लावला.

चारशे बारा!

मामांचं तोंड उतरलं. महाराजांनी त्यांचे दोन्ही हात मंतरलेल्या पाण्याच्या घंगाळात बुडवले, पुटपुटत खसाखसा चोळले, पांढऱ्याशुभ्र टॉवेलनं कोरडे केले. "आता मोजा."

एकशे बावन्न.

सिस्टरनं मशीन उलटसुलट करून पाहिलं, नवी पट्टी लावून पुन्हा टोचलं. एकशे एकोणपन्नास.

"लाजू नका, बाई! आकडा सांगा लोकांना!" महाराजांनी माईक तिच्या तोंडासमोर धरला. आकडा तो आकडा. खोटं कसं बोलणार? तिनं सांगितला, आणि टाळ्यांनी छत उडायचं बाकी राहिलं.

घरी येताना मामा म्हणाले, "तुझ्याच हातानं पाहिलं ग, पोरी. आता सुया बंद."

"मामा, असं नसतं हो!"

"मग मशीन खोटं, की तू?"



चौथ्या दिवशी मामींचा फोन आला. "तुझे मामा घागरभर पाणी पितायत आणि मोरीकडे खेपा घालतायत. अंगठा काळपट दिसतोय. सर्टिफिकेट तू दिलंस, आता तूच निस्तर!"

त्याच दिवशी सिस्टरला शिक्षिकेसोबत एका घरी भेट द्यायची होती. तिनं मामांचं घर सांगितलं. या शिक्षिकेला सगळे नुसतं 'बाई' म्हणत. बाईंनी तीस वर्षं दारोदार फिरून चपला झिजवल्या होत्या. पहिल्याच तासाला त्या म्हणाल्या होत्या, "दवाखान्यात रोगी तुमच्याकडे येतो, इथं तुम्ही त्याच्याकडे जाता. आधी घर बघा. नळ कुठं, साबण कुठं, माणूस आत्ता काय करत होता." सिस्टरनं तेव्हा जांभई दिली होती. व्हेंटिलेटर हाताळणारीनं आता साबण शिकायचा?

मामा शिलाई मशीनपाशी बसून महाराजांनी दिलेलं संत्रं सोलत होते. गाल बसलेले, ओठ सुकलेले. सिस्टरनं घाईनं त्यांचं बोट धरलं आणि स्पिरिटचा बोळा काढला.

"थांब," बाई म्हणाल्या. "त्यांच्या हातात काय होतं?"

"संत्रं."

"आणि अतिदक्षता विभागात तुझे रोगी काय सोलायचे?"

"ते कशाला काय सोलतील? निम्मे तर शुद्धीवरच..."

सिस्टरचा हात हवेतच थांबला. मग तिनं मामांच्या पुढ्यातलं दुसरं संत्रं उचललं, सोललं, चुरगाळलं. स्वतःचंच बोट बोळ्यानं पुसलं आणि टोचलं. दोनशे सत्याऐंशी.

"अगं बाई! तुलाही?" मामी किंचाळल्या.

सिस्टर मोरीत गेली, साबणानं हात धुऊन, कोरडे करून आली. शहाण्णव.

"बरी झालीस हो," बाई गंभीरपणे म्हणाल्या. "महाराजांना तेवढं कळव."

हसू आवरत सिस्टरनं सांगितलं, "मामा, रस कातड्याला चिकटून बसतो. बोळा एकदा फिरवून जात नाही. रक्ताच्या थेंबात मिसळतो, आणि मशीन बिचारं दोघांची साखर मोजतं."

"म्हणजे पहिला आकडा संत्र्याचा, आणि दुसरा माझा?"

"तुमचा. तोही सकाळच्या इन्शुलिनमुळे. महाराजांनी फक्त तुमचे हात धुतले."

मग मामांनी हात धुतले. आकडा आला तीनशे सेहेचाळीस, आणि आता संत्र्यावर ढकलायची सोय नव्हती. बाईंनी तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. इन्शुलिन सुरू झालं, अंगठ्याची पट्टी बदलली.

मामांनी पुढ्यातली संत्र्याची सालं गोळा केली. मग म्हणाले, "त्या दिवशी टाळ्या वाजवणाऱ्यांनीही सुया फेकल्या असतील ग. त्यांना कोण सांगणार?"

पुढच्या कार्यक्रमाला सिस्टर बादली आणि साबणाची वडी घेऊन गेली.

"आल्या आपल्या साक्षीदार!" महाराज खुलले.

"महाराज, आज मोजायच्या आधी हात धुऊ."

"छे छे! हात मागून धुवायचे असतात!"

"का हो?"

मामा लंगडत वर आले. त्यांनी संत्रं सोललं, चुरगाळलं, आणि बादलीत साबण लावून हात धुतले. एकशे अडुसष्ट. मग महाराजांच्या घंगाळात धुतले. एकशे एकाहत्तर.

"आज श्रद्धा कमी पडली!" महाराज घाम पुसत म्हणाले.

"श्रद्धा नव्हे, साबण जास्त पडला!" मागून मामी ओरडल्या. हशा पिकला.

"मग तुम्हीच एक संत्रं सोला आणि बोट द्या," सिस्टर म्हणाली. महाराजांनी दोन्ही हात झग्यात लपवले. योग्याचं रक्त सांडत नसतं म्हणे! तेव्हा तिनं सर्वांसमोर संत्रं सोलून स्वतःचं बोट टोचून दाखवलं, धुण्याआधी आणि धुतल्यावर. नंतर माईक मागून घेतला.

"त्या दिवशी आकडा मी सांगितला. मशीन खोटं नव्हतं. महाराज खोटे होते आणि मी घाईत होते. माझा गणवेश बघून ज्यांनी औषध सोडलं, त्यांनी आजच डॉक्टरांकडे जा. मी सोबत येते. देवाला जरूर हात जोडा, पण कुणी चमत्कार दाखवला तर आधी विचारा, हे असंच का? उलट क्रमानं करून का नाही?"

त्या संध्याकाळी सिस्टर अकरा जणांना घेऊन दवाखान्यात गेली.

मामांचं गाणं काही सुटलं नाही, आणि का सुटावं? सूर देवाचा, त्याला ना घंगाळ लागतं, ना संत्रं. रोज सकाळी ते एक पद म्हणतात आणि शेवटच्या ओळीला सुई घेतात. अंगठा भरत आलाय.

महिन्याभरानं त्यांनी भाचीची भेटीची पिशवी मागून घेतली आणि तिला बाहेरून एक लहानसा कप्पा शिवून दिला. मेणकापडाचं अस्तर लावलेला.

"हा कशाला, मामा?"

"साबणाला," मामा दातानं दोरा तोडत म्हणाले. "बोळा आत राहू दे. हा आधी हाताशी यायला हवा."