तापातलं रक्त आणि मी

मी बर्फाची पेटी बोलतेय. खरं तर सहलीत सरबतं गार ठेवायला माझा जन्म झाला, पण नशिबी आलं मुलांचं रुग्णालय. वॉर्डातून रक्ताच्या नळ्या घ्यायच्या आणि मागच्या इमारतीतल्या प्रयोगशाळेत पोचवायच्या, एवढंच माझं काम. तक्रार नाही.

मला नेतात ते निवासी डॉक्टर. मुलांवर उपचारही शिकायचे आणि संशोधनही, त्यामुळे बोलणीही दोन्हीकडची खातात. आधीच्या एकाने तर माझ्यावर बसूनच डबा खाल्ला आणि वर डुलकी काढली.

आताची डॉक्टर शहाणी आहे. बाळाला गार लागू नये म्हणून स्टेथोस्कोप आधी मुठीत धरून ऊबदार करते. या सवयीनेच घात केला. परवा प्रयोगशाळेत तिने माझ्यातून नळी काढली आणि बोलण्याच्या नादात तशीच मुठीत धरून ठेवली. बर्फात राहायला हवं ते रक्त चांगलं कोमट झालं. तिच्याशिवाय कुणाच्या लक्षातही आलं नाही.

तपासणीचा आकडा मात्र तिच्या संशोधनाला हवा तसाच आला. संशोधन शिकवणाऱ्या मॅडम खूश झाल्या. "वा! तुझा अंदाज खरा ठरतोय."

तिने आपल्या मुठीकडे पाहिलं. "मॅडम, नळी माझ्या हातात गरम झाली होती. हा आकडा धरू नका."

मॅडमनी चष्मा काढला. "मग पुन्हा रक्त लागेल, आणि तेही तापातलंच. आईला काय सांगशील?"

"जे झालं तेच."

वॉर्डात आईने सगळं ऐकून घेतलं. "एवढं रडलं हो माझं बाळ, आणि तुम्ही वाया घालवलंत?"

"हो, ताई. चूक माझीच. पुन्हा रक्त द्यायला तुम्ही नाही म्हणालात तरी उपचार तसेच चालू राहतील."

आईने बाळाचं पांघरूण सारखं केलं. मग म्हणाली, "सकाळी घ्या. आत्ताच डोळा लागलाय त्याचा."

सकाळी आम्ही हजर. आईने स्वतःच बाळाची बाही वर सरकवली. डॉक्टरने आधी ताप पाहिला. तो पार उतरला होता. आता ते रक्त तिच्या संशोधनाच्या काही कामाचं नव्हतं.

"टोचायची गरज नाही, ताई. बरा होतोय तो," असं म्हणून ती हसली, अगदी मनापासून. जिन्यात मात्र माझ्या झाकणावर डोकं टेकून रडली. तेही मनापासूनच.

सध्या माझ्या तळाला चीर गेलीय, पाणी गळतं. मला खुशाल काढून टाका. तिला मात्र ठेवा, वॉर्डात आणि प्रयोगशाळेत, दोन्हीकडे.